आजचं गोड आजच

दिवाळीचा फराळ प्रवासाला चांगला असतो. गणपती उठले की दादर, डोंबिवली, पुण्यातल्या दुकानांतून चकल्या, शंकरपाळे, चिवडा, अनारसे खोक्यांत भरले जातात आणि न्यू जर्सी, लंडन, दुबईकडे निघतात. दोन आठवड्यांनी खोकं उघडलं तरी चकली मोडताना आवाज येतो. कारण आपल्या फराळातलं पाणी तळून, भाजून, पाकात घालून आधीच काढून टाकलेलं असतं. ज्यात पाणी नाही ते नासत नाही, आणि जे नासत नाही ते कुठेही जाऊ शकतं.

संपादकांनी या अंकासाठी ‘परक्या गावचं स्वयंपाकघर’ हा विषय कळवला, तेव्हा मला आठवले ते ज्यांचं गोड खोक्यात बसून येऊच शकत नाही असे लोक. मेलबर्नच्या आग्नेय भागात, क्लेटनच्या आसपास, असे पुष्कळ आहेत. ते मलेशियाचे. त्यांच्या गोडाला, खरं तर छोट्या खाऊच्या सगळ्या पदार्थांनाच, ‘कुई’ म्हणतात. त्यातले बिस्किटासारखे सुके प्रकार, म्हणजे अननसाच्या जॅमचे टार्ट किंवा तुपातले शेंगदाण्याचे ‘माकमूर’, बरण्यांत भरून ठेवता येतात. पण मलेशियाच्या माणसाच्या डोळ्यांत आठवणीने पाणी येतं ते ओल्या कुईच्या नावाने. तांदूळ, नारळाचं दूध, ताडगूळ आणि पांदानचं पान. सकाळी केलेलं संध्याकाळी संपवायचं. दुसऱ्या दिवशी नारळ आंबतो. फ्रिजमध्ये ठेवावं तर शिजून फुगलेला तांदळाचा स्टार्च थंडीत आवळतो आणि मऊ वडी रबरासारखी होते.

म्हणून ही मंडळी एकत्र जमून करतात. कशी करतात ते पाहायला मी यंदा हारी राया, म्हणजे ईदच्या आधीपासून त्यांच्या घरी जायला लागले.

चार वाजताची गाडी

एक गोष्ट मला तिथे गेल्यावरच कळली. या स्वयंपाकघरात जमणाऱ्या बायकांपैकी जवळजवळ कोणीही मायदेशी असताना कुई केलेली नव्हती. सगळ्यांनी ती विकत घेऊन खाल्ली होती.

मलेशियात कुई ही रस्त्यावरची रोजची वस्तू आहे. सकाळी केळीच्या पानात बांधलेल्या ‘नासी लमाक’च्या, म्हणजे नारळाच्या दुधात शिजवलेल्या भाताच्या पुड्यांशेजारी तिची ताटं लागतात. दुपारी तीन-चारच्या सुमाराला पुन्हा लागतात, कारण तेव्हा कचेऱ्या आणि शाळांतून परतणाऱ्यांचा चहा असतो. प्लास्टिकच्या पिशवीत चिमट्याने हवे ते तुकडे आपणच उचलायचे आणि गल्ल्यावर पैसे द्यायचे. रमजानच्या महिन्यात तर गावोगावी संध्याकाळचा खास बाजार भरतो आणि रोजा सोडण्यासाठी लोक रांगा लावून कुई नेतात. हे सगळं करणाऱ्या बाईचा दिवस पहाटेच्या अंधारात सुरू होतो. नारळ किसणं, पिळणं, तांदूळ वाफवणं. सात वाजता ताट भरलेलं हवं.

आणि त्या ताटावर सगळा देश शेजारीशेजारी असतो. मलय घरातली ‘सेरी मुका’ आणि चिनी घरातली कासवाच्या आकाराची लाल ‘आंग कू’ तिथे एकत्र दिसतात. दोन्हींच्या मधली एक मोठी परंपरा म्हणजे न्योन्यांची. मलाक्का, पिनांग इथे आलेल्या चिनी व्यापाऱ्यांनी स्थानिक बायकांशी लग्नं केली. त्यांच्या वंशातले पुरुष ‘बाबा’ आणि बायका ‘न्योन्या’. कुईतला नाजूकपणा, रंगांची हौस आणि वडी अगदी काटकोनात कापायचा हट्ट या न्योन्यांनी टोकाला नेला.

तर गाडीवर मिळणाऱ्या गोष्टी घरी कोण करतं? पुण्यातल्या किती घरांत आज चकलीची भाजणी भाजली जाते? आणि तीच घरातली मुलगी परदेशी गेली की आईला फोन लावून हरभरा डाळ किती, धणे किती, विचारत बसते. मलेशियाच्या या बायकांचंही तेच झालं. गाडी मागे राहिली आणि हात कामाला लागले.

स्प्रिंगव्हेलची वाट

सामान मिळणं हीच अर्धी गोष्ट आहे. मलायातून विद्यार्थी ऑस्ट्रेलियात मोठ्या संख्येने यायला लागले ते कोलंबो योजनेतून, 1951 पासून. पुढे 1971 नंतर मलेशियाच्या नव्या आर्थिक धोरणात विद्यापीठांतल्या जागांचे कोटे आले आणि चिनी व भारतीय वंशाची पुष्कळ घरं मुलांना बाहेर धाडायला लागली. या गटातली सगळ्यात वडील बाई त्याच दशकात इथे शिकायला आली. मूळची मलाक्काची, न्योन्या घरातली. सगळे तिला आंटी म्हणतात. ती सांगते, तेव्हा ओला नारळ दिसायचा नाही. केकसाठी मिळणारा सुका कीस गरम दुधात भिजवायचा, फडक्यातून पिळायचा आणि त्याला नारळाचं दूध म्हणायचं. पांदानचं पान नव्हतंच. घरून पत्रातून सुकी पानं मागवायची सोय नव्हती, कारण झाडपाल्याबाबत ऑस्ट्रेलियाचे नियम कडक आहेत आणि आजही विमानतळावर ताजी पानं, बिया, दुधाच्या मिठाया अडवतात. तिच्या विद्यार्थिदशेतली कुई हिरव्या रंगाची असायची, वासाची नसायची.

हे बदललं ते मलेशियाच्या लोकांमुळे नव्हे. 1975 मध्ये सायगाव पडलं आणि त्यानंतरच्या वर्षांत व्हिएतनामी निर्वासित मेलबर्नला आले. रिचमंड, फुट्सक्रे, स्प्रिंगव्हेल या उपनगरांत त्यांची दुकानं उभी राहिली. व्हिएतनामी स्वयंपाकालाही पांदान लागतं, नारळ लागतो, चिकट तांदूळ लागतो, केळीचं पान लागतं. एका देशाच्या विस्थापितांनी मांडलेल्या बाजारात दुसऱ्या देशाच्या आठवणींचं सामान मिळायला लागलं. शहरं अशीच घडतात, आणि मला हा भाग फार मोलाचा वाटतो. कुठलीही माणसं नुसत्या स्वतःच्या बळावर आपला सण टिकवत नाहीत.

क्लेटनहून दोन स्टेशनं पुढे स्प्रिंगव्हेल. आंटीबरोबर मी तिथे गेले तेव्हा तिने फ्रीझरमधून खवलेल्या नारळाची पाकिटं उचलली, दाबून पाहिली आणि बर्फ साचलेली परत ठेवली. बर्फ साचला म्हणजे पाकीट एकदा वितळून पुन्हा गोठलंय. मग ताडगूळ. याला ‘गुला मलाका’ म्हणतात. माडाच्या न उमललेल्या फुलोऱ्याचं टोक कापून त्यातून झिरपणारी नीरा सकाळ-संध्याकाळ उतरवायची, मोठ्या कढईत आटवायची आणि बांबूच्या नळकांड्यांत ओतायची. म्हणून तो गोल दांडक्यासारखा दिसतो. कोकणातले भंडारी आणि गोव्यातले रेंदेर माडावर चढून हेच काम करत आले आहेत. म्हापशाच्या बाजारात मिळणारा माडाचा काळा गूळ त्याचाच भाऊ. आंटी गुळाच्या वेष्टनावरची घटकांची यादी चष्मा वर करून वाचते. उसाची साखर मिसळलेला असेल तर घेत नाही. अस्सल गूळ गडद असतो, नखाने खरवडला तर भुगा होतो आणि त्याला धुराचा किंचित वास असतो.

पांदानची ताजी जुडी तिने नाकाशी धरली आणि माझ्यापुढे केली. मला ती ओळख करून द्यायची गरज नव्हती. आपल्याकडे अंगणात लावून भाताच्या आधणात जे लांबट पान टाकतात, काही जण ज्याला अन्नपूर्णा म्हणतात, ते हेच. बासमती आणि आंबेमोहोर तांदळाला ज्या रेणूमुळे सुवास येतो, तोच रेणू या पानात आहे. केवडाही याच कुळातला.

काकच्या घरी

सगळं जमतं ते एका मलय बाईच्या घरी. ती मुआरची, जोहोर राज्यातली, इथल्या रुग्णालयात नर्स आहे. मलयमध्ये मोठ्या बहिणीला ‘काक’ म्हणतात, म्हणून वयाने लहान असलेले सगळे तिला काक म्हणतात. मीही तेच म्हणते. तिचंच घर ठरण्यामागे कारण आहे. चिनी स्वयंपाकघरात डुकराची चरबी वापरलेली भांडी असू शकतात आणि मग मुसलमान मैत्रिणींना तिथे खाता येत नाही. काकच्या घरी सगळ्यांना चालतं. इपोहची तमिळ अक्का शाकाहारी, अंडंही न खाणारी. तिच्यासाठी अंड्याशिवायचे प्रकार आधी होतात, ताजं पाणी ठेवून, वेगळ्या थाळीत. हे कोणी कोणाला समजावून सांगत नाही. कामाचा क्रमच तसा लागलेला आहे.

पहिल्यांदा ‘ओंदे-ओंदे’. चिकट तांदळाचं पीठ पांदानच्या पानांच्या रसात मळायचं. या तांदळात अमायलोज जवळजवळ नसतं, म्हणून तो शिजल्यावर ताणला जातो. आपल्या मोदकाच्या पिठीला आधी उकड काढावी लागते, इथे लागत नाही. चिमूटभर पीठ आधी उकळत्या पाण्यात शिजवून बाकीच्यात मिसळलं तरी गोळा वळता येतो. बोराएवढी पारी करून तिच्यात चिरलेला गूळ भरायचा आणि फट न ठेवता वळायचं. फट राहिली तर गूळ पाण्यात जातो आणि भांड्यातलं पाणी तपकिरी होतं. मग ‘कोणाची फुटली?’ म्हणून सगळ्या एकमेकींच्या हाताकडे बघतात. गूळ बारीकच चिरायचा. मोठा खडा राहिला तर गोळी वर तरंगली तरी आतला खडा वितळत नाही. गोळ्या वर आल्या की लगेच काढायच्या नाहीत, मिनिटभर राहू द्यायच्या. मग निथळून, मीठ लावून वाफवलेल्या नारळाच्या किसात लोळवायच्या. मीठ चवीला हवंच, आणि वाफ दिलेला नारळ जरा उशिरा आंबतो. खाताना अख्खी तोंडात टाकून ओठ मिटायचे. अर्धी चावली तर गरम गूळ उडतो.

पिठात रताळं घालायचं की नाही, यावर इथे एकमत नाही. काकच्या गावी रताळं घालतात. आंटीच्या मते मलाक्कात ज्याला ‘बुआ मलाका’ म्हणतात त्या खऱ्या पदार्थात रताळ्याला जागा नाही. दोन्ही होतात, दोन्ही संपतात, वाद मात्र संपत नाही.

‘सेरी मुका’ला खरी माणसं लागतात. खाली नारळाच्या दुधात वाफवलेला चिकट भात, वर पांदानचं हिरवं कस्टर्ड. तांदूळ आदल्या रात्री भिजतो. वाफवल्यावर चौकोनी भांड्यात घालून केळीच्या पानाची घडी हातात धरून दाबतात. हे काम जोर असलेल्याचं, म्हणून पिनांगहून इथे शिकायला आलेल्या एका मुलाकडे गेलं. भात सैल राहिला तर वडी कापताना विस्कटते. दाबल्यावर काट्याने वरचा थर जरा खरवडायचा, म्हणजे कस्टर्ड पकड घेतं. तोवर दुसरी कोणीतरी अंडी, साखर, पांदानचा रस, नारळाचं घट्ट दूध आणि थोडा मैदा मंद आचेवर सतत ढवळत असते. ते किंचित दाट झालं की भात गरम असतानाच ओतायचं. भात थंडावला तर दोन थर एकमेकांना धरत नाहीत. मग पुन्हा वाफेवर, पण अगदी मंद, आणि झाकणाला फडकं बांधून. नाहीतर झाकणावरचं पाणी टपकून खड्डे पडतात आणि आच वाढली तर वरचा थर लाटांसारखा उचलला जातो. आंटीची नजर या वरच्या थरावर असते. तो गुळगुळीत आला पाहिजे.

भातात तिने निळ्या रंगाचे शिडकावे केले होते. ते ‘बुंगा तलांग’चे, म्हणजे गोकर्णाचे. आपण महादेवाला वाहतो ते फूल तिथे गरम पाण्यात कुस्करून भाताला रंग द्यायला वापरतात. सुकी फुलं इथे पाकिटात मिळतात. मी आईला व्हिडिओ कॉलवर तो भात दाखवला. गोकर्णाचा भात असतो, हे ती मान्य करायला तयार नव्हती. मग पाकीट कॅमेऱ्यापुढे धरलं. तिने फूल ओळखलं आणि पुढचा प्रश्न विचारला, ‘वास येतो का गं?’ येत नाही. नुसता रंग.

एकीने हे सगळं एकट्याने करायचं ठरवलं तर? होईल. पण तांदूळ दाबणारे हात आणि कस्टर्ड ढवळणारे हात एकाच वेळी मोकळे हवेत, गोळ्या वळेपर्यंत पीठ वाळू नये, आणि केलेले साठ-सत्तर नग त्या दिवशी संपले पाहिजेत. चार जणांच्या घरात ते संपत नाहीत. मलेशियात हा हिशोब गाडीवालीने सांभाळलेला असतो. ती एकटी करते आणि शंभर माणसं खातात. इथे खाणाऱ्यांनीच करणारे व्हायचं, एवढाच मार्ग उरतो. काकच्या घरातली ही गर्दी हौसेची आहेच, पण पदार्थाचीही ती गरज आहे.

दोदोल

दोदोल मात्र मागच्या अंगणात झाला, कारण घरात करणं शक्यच नव्हतं. मलेशियाच्या खेड्यांत रमजान संपत आला की लोखंडी ‘कावा’, म्हणजे भली थोरली कढई, चुलीवर चढते आणि नारळाचं दूध, चिकट तांदळाचं पीठ आणि गुला मलाका घालून लाकडी वल्ह्याने सात-आठ तास ढवळतात. पुरुष पाळ्या लावतात. मेलबर्नच्या अंगणात सरपण पेटवायचं कोणी मनात आणलं नाही. गॅसची मोठी शेगडी आणली, प्रमाण कमी केलं, तरी दुपार त्यात गेली.

इथे गोव्याचा संबंध आला. गटात म्हापशाची एक बाई आहे. तिच्या नवऱ्याचं घराणं सिंगापूरशी जोडलेलं, त्यातून ही ओळख. तिच्याकडे नाताळात दोदोल होतो. तांदळाचं पीठ, माडाचा काळा गूळ, नारळाचं दूध, काजू. नाव एकच, कृती जवळजवळ एकच. जावा, मलाया, श्रीलंका, गोवा, सगळीकडे दोदोल आहे. अल्फोन्सो द अल्बुकर्कने 1510 मध्ये गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी, 1511 मध्ये, मलाक्का. 1641 मध्ये डचांनी मलाक्का जिंकेपर्यंत ही दोन्ही बंदरं एकाच पोर्तुगीज सत्तेखाली होती आणि गोव्याहून तिकडचा कारभार चालायचा. जहाजांबरोबर लवंग-जायफळ गेलं-आलं तसं खाणंही फिरलं.

म्हापशाच्या बाईने कढईत डोकावून सांगितलं की आमचा दोदोल इतका ताणत नाही. बरोबरच होतं, कारण गोव्यात साधा तांदूळ वापरतात. पण पुढच्या टप्प्यावर दोघींचे डोळे एकाच गोष्टीकडे लागले. सुरुवातीला नुसतं पातळ तपकिरी पाणी. तासाभराने दाट खीर. मग वल्हं जड व्हायला लागतं आणि मनगट भरून येतं, तेव्हा पाळी बदलते. एकदा थांबलं की तळाला लागलंच. शेवटी कडेने तेल सुटायला लागतं, नारळाचं. गोळा वल्ह्याभोवती एकसंध फिरतो आणि बोट लावलं तर बोटाला चिकटत नाही. काक आणि म्हापशाची बाई, दोघींनी एकाच वेळी ‘झालं’ म्हटलं, एकीने मलयमध्ये, एकीने कोंकणीत.

दोदोल मात्र टिकतो. एवढं पाणी आटवल्यावर टिकणारच. ओल्या कुईच्या घराण्यातला हा एकच असा, जो आपल्या लाडवांसारखा डब्यात बसून प्रवास करू शकतो. प्रत्येकीने वड्या कागदात गुंडाळून घरी नेल्या. मीही नेल्या. आमच्या इमारतीत सोलापूरची आजी राहते, तिने चाखून विचारलं, ‘ह्यात खवा किती घातलाय?’ खवा कणभरही नाही, हे ऐकून तिने दुसरी वडी उचलली.

मुलं

काकची धाकटी मुलगी इथेच जन्मली आणि वाढली. तिच्यासाठी कुई म्हणजे आईच्या घरी शनिवारी माणसं जमणं, बाहेरच्या खोलीत जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून गोळ्या वळणं, आंटी आणि आईचा रताळ्यावरून वाद आणि अक्काने दिवाळीच्या आधी आणलेल्या मुरुक्कूचा डबा. मलेशियात जवळजवळ सगळीकडे दिवाळीला सार्वजनिक सुट्टी असते आणि शेजाऱ्यांसाठी दारं उघडी ठेवतात. मुरुक्कूचा तो डबा इथे त्या रिवाजाचं काम करतो. अक्काचा मुरुक्कू आपल्या चकलीहून बारीक असतो, तांदूळ आणि उडदाचा. माझ्या भाजणीच्या चकलीवर तिचा आक्षेप एवढाच, की धण्या-जिऱ्यामुळे रंग गडद येतो.

मागच्या शाळेच्या सुट्टीत ही मुलगी आजीकडे मुआरला गेली. चार वाजता आजी तिला रस्त्याकडेच्या ताटापाशी घेऊन गेली. समोर ओंदे-ओंदे, सेरी मुका, हिरव्या घावनात गूळ-खोबरं गुंडाळलेली ‘कतायाप’, सगळं ओळीने मांडलेलं. चिमटा हातात देऊन आजीने म्हटलं, हवं ते घे. मुलीने काही न उचलता विचारलं, की एवढं करायला सकाळी कोण कोण आलं होतं? गाडीवाली हसली. ती एकटीच होती, आणि तिच्या मुलीला असल्या कामात रस नव्हता. ती क्वालालंपूरला बँकेत आहे.

परतल्यापासून काकच्या मुलीने नारळाच्या किसाला वाफ द्यायचं काम आपल्याकडे घेतलंय. गूळ चिरायचं काम ती पिनांगच्या मुलाला देत नाही, कारण तो मोठे खडे ठेवतो. पुढच्या वेळी ‘कुई लापिस’ करायची ठरलीय, नऊ थरांची, प्रत्येक थर वाफेवर धरला की मगच पुढचा ओतायचा. त्यात अंडं नसतं, त्यामुळे अक्काही पहिल्यापासून हजर राहणार आहे. चिकटलेले थर सोलून एकेक खायचे, असं मलेशियातली सगळी मुलं करतात, आणि आंटीला ते अजिबात आवडत नाही.